असॉल्ट म्हणजे नेमकं काय? अर्थ, वापर आणि भाषांतर, एकेक पायरी धरून

मी कोर्टकचेरीच्या कागदांचं इंग्लिश-मराठी भाषांतर करतो, आणि या एका शब्दाने मला जेवढं शिकवलंय तेवढं दुसऱ्या कुठल्याच शब्दाने नाही. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. बांधावरून दोन भाऊबंदांचं भांडण, एकाने फावडं उगारलं, मधे चारपाच जण पडले, फावडं कुणाला लागलं नाही. इंग्लिश कागदात लिहिलं होतं की आरोपीने फिर्यादीवर असॉल्ट केला, मी सरळ 'मारहाण केली' असं मराठी करून मोकळा झालो. पुढे समोरच्या वकिलाने विचारलं, मारहाण झाली ना, मग जखम कुठंय, डॉक्टरचा दाखला कुठंय? फिर्यादी बिचारा गोंधळला, कारण त्याने मारलं असं कधी म्हटलंच नव्हतं, तो म्हणत होता अंगावर धावून आला. मूळ फिर्याद परत काढून वाचली तेव्हा निस्तरलं, पण तोवर तो माणूस सगळ्यांसमोर खोटा ठरत आला होता आणि चूक माझ्या एका शब्दाची होती. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो. तुम्ही भाषांतर करत असाल, बातम्या लिहीत असाल, कायद्याचा अभ्यास करत असाल किंवा कधी स्वतःची तक्रार इंग्लिशमध्ये लिहायची वेळ आली, तर खालच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: उच्चार आणि शब्दाचं मूळ

उच्चार 'असॉल्ट'. सुरुवातीचा अ अगदी हलका, जोर 'सॉल्ट'वर. आपल्याकडे बरेच जण 'ॲसॉल्ट' म्हणतात, तसं नको. मिठाला इंग्लिशमध्ये सॉल्ट म्हणतात तो उच्चार डोक्यात ठेवा आणि त्याच्याआधी छोटासा अ लावा, झालं.

मूळ मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'सालिरे' म्हणजे उडी मारणं, त्याला 'च्याकडे, च्यावर' या अर्थाचा उपसर्ग लागला, फ्रेंचमधून फिरत तो इंग्लिशमध्ये आला. म्हणजे शब्दाच्या पोटात ठोसा नाहीये, उडी आहे, अंगावर घेतलेली झेप. 'इन्सल्ट' आणि 'समरसॉल्ट' म्हणजे कोलांटउडी, हे दोन्ही त्याच घरातले, आणि हल्लेखोर या अर्थाचा 'असेलंट'सुद्धा. आता मराठीत बघा, आपण 'अंगावर धावून जाणं' म्हणतो ना, तो या शब्दाचा सगळ्यात जवळचा मराठी भाऊ आहे असं माझं ठाम मत आहे. शब्दकोशात हल्ला, हमला, मारहाण, चढाई असं सगळं मिळेल पण 'अंगावर धावून जाणं' बहुतेक मिळणार नाही.

दुसरी पायरी: कायद्यातला अर्थ, म्हणजे फटका बसायच्या आधीचा क्षण

इथे जरा वेळ काढा, कारण सगळा घोळ इथेच होतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५१ मध्ये असॉल्टची व्याख्या होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १३० मध्ये जवळजवळ तशीच आलीय. सोप्या मराठीत सांगायचं तर एखाद्याने असा हावभाव केला किंवा अशी तयारी केली की समोर हजर असलेल्या माणसाला वाटावं की हा आता माझ्यावर बळ वापरणार, आणि करणाऱ्याचाही तोच हेतू असेल किंवा असं वाटेल हे त्याला माहीत असेल, तर असॉल्ट झाला. हात लागलाच पाहिजे असं नाही. दुखलं पाहिजे असंही नाही. धास्ती पुरेशी आहे.

कायद्यात स्वतःचीच उदाहरणं दिलीत आणि ती फार छान आहेत. एक म्हणजे समोरच्याकडे बघून मूठ उगारणं, अशा रीतीने की त्याला वाटावं आता हा मारतोय. दुसरं, चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडायला लागणं. कुत्रं अजून सुटलेलंसुद्धा नाही, नुसती मुसकी सैल करायला घेतलीय, तरी असॉल्ट. तिसरं, हातात काठी घेऊन 'तुला आता झोडपतो' म्हणणं. या तिसऱ्यात बारकावा आहे. नुसते शब्द कधीच असॉल्ट होत नाहीत, नुसती काठी उचलणंही कदाचित होणार नाही, पण काठी अधिक शब्द मिळून होऊ शकतो कारण शब्दांनी त्या काठीला अर्थ दिला.

याची उलट बाजूही असते, शब्द काठीचा अर्थ काढूनही घेऊ शकतात. इंग्लंडमध्ये १६६९ चा एक खटला आहे, एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, सध्या न्यायाधीश गावात आलेत, नाहीतर तुझं हे बोलणं मी ऐकून घेतलं नसतं. कोर्ट म्हणालं हा असॉल्ट नाही, कारण मी आत्ता काही करणार नाही असंच तो सांगतोय. आणि तिथलाच १८३० चा दुसरा खटला, स्थानिक सभेत एक जण मूठ आवळून अध्यक्षाच्या दिशेने निघाला, मधल्याने त्याला अडवला, ठोसा पोचला नाही, तरी तो असॉल्ट ठरला. माझ्या फावड्याच्या केससारखंच हे, नाही का!

मग प्रत्यक्ष हात लागला तर? आपल्या कायद्यात त्याला वेगळे शब्द आहेत आणि अधिकृत मराठी कायद्यात त्यांचे प्रतिशब्दही ठरलेले आहेत, ते तसेच वापरा, स्वतःचे बनवू नका. असॉल्टला 'हमला', क्रिमिनल फोर्सला 'फौजदारीपात्र बलप्रयोग', हर्टला 'दुखापत', ग्रीव्हस हर्टला 'जबर दुखापत', आणि क्रिमिनल इंटिमिडेशनला 'फौजदारीपात्र धाकदपटशा'. हे एका जिन्याच्या पायऱ्यांसारखं बघा: मूठ उगारली तर हमला, कॉलर धरून ढकललं तर बलप्रयोग, मुस्काटात मारून दुखवलं तर दुखापत, हाड मोडलं तर जबर दुखापत. पोलीस ठाण्यात लिहिली जाणारी ठराविक ओळ आठवा, 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे ठार मारण्याची धमकी दिली', या एका ओळीत तीन वेगळे गुन्हे आहेत आणि गंमत म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्यातलं 'लाथाबुक्क्यांनी मारहाण' हे नुसता असॉल्ट नाही, दुखापत आहे.

फोनवरून धमकी दिली तर आपल्याकडे तो असॉल्ट नाही, कारण व्याख्येत 'हजर असलेली व्यक्ती' असं आहे. तिथे धाकदपटशाचं कलम लागतं. इंग्लंडमध्ये मात्र १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर असं ठरलं की वारंवार फोन करून काहीच न बोलता गप्प राहणं, हेसुद्धा असॉल्ट होऊ शकतं. बाईला रात्री-अपरात्री फोन येतो, पलीकडे कुणी बोलत नाही, तिला वाटतं हा आता दारात येईल. मला तो निर्णय पटतो.

तिसरी पायरी: कलमांचे आकडे तपासा, इथे मोठा खड्डा आहे

जुन्या दंड संहितेत ३५१ म्हणजे असॉल्टची व्याख्या आणि ३५२ म्हणजे त्याची शिक्षा. नव्या न्याय संहितेत ३५१ म्हणजे धाकदपटशा आणि ३५२ म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान, जे जुन्यात ५०४ होतं. म्हणजे आकडा तोच आणि गुन्हा भलताच. कागदावर नुसतं 'कलम ३५२' दिसलं तर आधी घटना कोणत्या तारखेची ते बघा. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुना कायदा, नंतरची असेल तर नवा. भाषांतरात आकड्यासोबत कायद्याचं नाव पूर्ण लिहा, कितीही कंटाळा आला तरी.

साध्या असॉल्टची शिक्षा आता कलम १३१ मध्ये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्यात दंड पाचशे होता. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात, थेट एफआयआर होत नाही. ठाण्यातून 'एनसी घेतली' असं ऐकून लोक हताश होतात की आपलं कुणी ऐकलं नाही, पण बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

सरकारी नोकराच्या बाबतीतही शब्द नीट बघा. जुनं ३५३, आता १३२. पेपरात याला सर्रास 'सरकारी कामात अडथळा' म्हणतात पण या कलमाचा गाभा अडथळा नाहीच, असॉल्ट किंवा बलप्रयोग आहे. नुसत्या अडथळ्याचं कलम वेगळं, जुनं १८६, नवं २२१. दोन्हींच्या शिक्षेत खूप फरक आहे. महाराष्ट्राने तर मधल्या काळात ३५३ ची शिक्षा वाढवून पाच वर्षांपर्यंत नेली होती, न्याय संहितेतल्या १३२ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत आहे. तेव्हा तलाठ्याच्या अंगावर कुणी धावून गेलं आणि तुम्ही 'ऑब्स्ट्रक्शन' असं इंग्लिश केलंत तर गुन्हा हलका करून टाकलात, आणि रस्त्यात बसून राहिलेल्याला 'असॉल्ट' लावलात तर भारी करून टाकलात.

चौथी पायरी: बातमीतला आणि बोलण्यातला अर्थ

आता कोर्टातून बाहेर या. रोजच्या इंग्लिशमध्ये असॉल्ट म्हणजे सरळ मारहाण, हिंसक हल्ला, हात लागलेला. 'डॉक्टर असॉल्टेड बाय रिलेटिव्ह्ज' अशी बातमी असेल तर डॉक्टरला मारलंय, नुसती मूठ दाखवलेली नाही. इथे 'डॉक्टरला नातेवाईकांची मारहाण' हेच बरोबर मराठी, 'हमला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला भलतंच वाटेल. म्हणून नियम एकच ठेवा, शब्द बघून मराठी ठरवू नका, प्रत्यक्ष काय घडलं ते बघून ठरवा. मजकुरात जखम, उपचार, हॉस्पिटल असं काही असेल तर मारहाण. तसं काहीच नसेल तर शंका घ्या. आणि काय झालं ते कळतच नसेल तर 'हल्ला' हा त्यातल्या त्यात सुरक्षित शब्द, कारण त्यात दोन्ही बसतं.

अटॅक आणि असॉल्टमध्ये फरक काय असं पुष्कळ जण विचारतात. अटॅक मोठा डबा आहे, त्यात सगळं मावतं. कुत्रा अटॅक करतो, आजार अटॅक करतो, हार्ट अटॅक येतो, दम्याचा अटॅक येतो, टीकाकार अटॅक करतात. असॉल्ट बहुतेक वेळा माणसाने माणसावर केलेला असतो, आणि त्याला गुन्ह्याचा किंवा लढाईचा वास असतो. हार्ट असॉल्ट कुणी म्हणत नाही. बिबट्याने शेतकऱ्यावर केलेला हल्ला अटॅकच, जुन्नरच्या बिबट्यांच्या बातमीत असॉल्ट लिहिलेलं चालणार नाही, कारण बिबट्यावर गुन्हा दाखल होत नसतो. 'ऑन्स्लॉट' म्हणजे एकामागून एक येत राहणारा जोरदार मारा, तो क्रिकेटच्या बातम्यांत जास्त दिसतो. 'ॲम्बुश' म्हणजे दबा धरून घातलेला घाला. 'रेड' म्हणजे छापा.

पाचवी पायरी: आपण मराठी माणसं करतो ती व्याकरणाची चूक

आपण म्हणतो 'त्याने माझ्यावर हल्ला केला'. त्या 'वर'मुळे इंग्लिशमध्ये 'ही असॉल्टेड ऑन मी' असं लिहितो. चूक. क्रियापद म्हणून वापरलं की मधे काहीच नको, 'ही असॉल्टेड मी'. अटॅकचंही तसंच. पण नाम म्हणून वापरलं की 'ऑन' लागतो, 'ॲन असॉल्ट ऑन मी', 'ॲन असॉल्ट ऑन अ जर्नलिस्ट'. म्हणजे आपला 'वर' नामाला चालतो आणि क्रियापदाला चालत नाही. आणि आधी 'अ' नाही 'ॲन' येतो, कारण शब्द स्वराने सुरू होतो.

आणखी एक, 'असॉल्ट केला' या मराठी वळणावरून 'ही डिड असॉल्ट ऑन मी' असंही लिहिलेलं मी अर्जांमध्ये बघितलंय. कळतं सगळ्यांना, पण इंग्लिश तसं नाही. नामच वापरायचं तर 'कमिटेड ॲन असॉल्ट' म्हणा, नाहीतर सरळ क्रियापद घ्या, तेच बरं.

करणाऱ्याला काय म्हणायचं? 'असॉल्टर' हा शब्द आहे पण कमी चालतो. बातमीत 'असेलंट' किंवा साधं 'अटॅकर'. 'अज्ञात हल्लेखोर' याला 'अनआयडेंटिफाइड असेलंट्स' हे बसतं. गुन्हा सिद्ध झाला नसेल तर मात्र 'अक्यूज्ड', म्हणजे आरोपी, आणि वाक्यात 'अलेजेडली' हवाच. मराठीत त्याला 'मारहाण केल्याचा आरोप आहे'. हे विसरू नका, कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न असतो.

सहावी पायरी: सेक्शुअल असॉल्ट, इथे घाई नको

मराठी पेपरात याला लैंगिक अत्याचार, लैंगिक हल्ला, विनयभंग, छेडछाड असं काहीही म्हणतात आणि हे सगळे एकच नाहीत. 'छेडछाड' तर मला आवडतच नाही, ऐकायला खोडी काढल्यासारखा वाटतो, ज्या मुलीच्या बाबतीत घडलंय तिला विचारा तो शब्द कसा लागतो.

आपल्या कायद्यात प्रौढ स्त्रीच्या बाबतीत जुनं ३५४, आता कलम ७४, ज्याला आपण विनयभंग म्हणतो. त्याच्या मूळ इंग्लिश मजकुरात असॉल्ट हा शब्द आहे, 'असॉल्ट किंवा क्रिमिनल फोर्स', शिक्षा एक ते पाच वर्षं आणि दंड. बलात्काराचं कलम पूर्ण वेगळं, आता ६३, आणि त्याला असॉल्ट म्हटलेलं नाही.

मुलांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा मात्र हाच शब्द घेऊन चालतो. कलम ३ मध्ये पेनिट्रेटिव्ह सेक्शुअल असॉल्ट, कलम ७ मध्ये नुसता सेक्शुअल असॉल्ट म्हणजे लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, आणि कलम ११ मध्ये सेक्शुअल हॅरॅसमेंट. तिन्हींना सरसकट 'अत्याचार' म्हटलं की शिक्षेतला फरक पुसला जातो. एका शब्दाच्या अर्थावर काय अवलंबून असतं त्याचं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कपड्यांवरून केलेला स्पर्श कलम ७ मध्ये बसत नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. देशभर संताप झाला. सुप्रीम कोर्टाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निर्णय रद्द केला आणि सांगितलं की महत्त्व लैंगिक हेतूला आहे, मधे कापड होतं की नव्हतं याला नाही. 'टच' आणि 'फिजिकल कॉन्टॅक्ट' या साध्या शब्दांवर एका लहान मुलीचा न्याय टांगलेला होता, म्हणून सांगतो की या पायरीवर शब्दकोश उघडू नका, कायद्याचं कलम उघडा आणि त्यातला शब्द घ्या.

सातवी पायरी: परदेशातला कागद असेल तर

नातेवाईक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतात, तिथून कागद येतो आणि 'बघ जरा काय लिहिलंय' म्हणून आपल्याकडे पाठवतात. आधी देश बघा आणि अमेरिका असेल तर राज्यसुद्धा बघा. न्यूयॉर्कमध्ये असॉल्टसाठी प्रत्यक्ष इजा व्हावी लागते, नुसती भीती घातली तर त्याला 'मेनसिंग' हा वेगळा गुन्हा आहे. टेक्सासमध्ये इजा, धमकी आणि अपमानकारक स्पर्श हे तिन्ही असॉल्टमध्ये येतात. इंग्लंडमध्ये 'असॉल्ट अँड बॅटरी' अशी जोडी भेटते, असॉल्ट म्हणजे धास्ती घालणं आणि बॅटरी म्हणजे हात लागणं. ही टॉर्चमधली बॅटरी नव्हे, तिला आपण 'अंगाला हात लावणं, मारणं' म्हणू शकतो. कॅनडाने तर १९८३ मध्ये बलात्कार हा वेगळा गुन्हा काढून त्याजागी सेक्शुअल असॉल्टच्या तीन पातळ्या केल्या, म्हणजे तिथल्या बातमीत सेक्शुअल असॉल्ट असेल तर तो बलात्कारही असू शकतो. आपल्या पॉक्सोच्या कलम ७ शी त्याची बरोबरी करू नका.

आठवी पायरी: लढाई, किल्ले आणि रायफली

सैन्याच्या भाषेत असॉल्ट म्हणजे चढाईचा शेवटचा, अंगावर जाण्याचा टप्पा. वेढा म्हणजे सीज, त्यात महिनोन्महिने जातात, आणि मग तटावर तुटून पडणं म्हणजे असॉल्ट. आपल्याकडे यासाठी एक फार देखणा शब्द आहे, सुलतानढवा, किल्ल्यावर सगळ्या बाजूंनी एकदम केलेला निकराचा हल्ला. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम घ्या, १७३९ मध्ये आधी वेढा, मग तटाखाली सुरुंग, आणि सुरुंगांनी तट फुटला तिथून मराठे आत घुसायला धडकले. त्यातलं हे शेवटचं ते असॉल्ट. ऐतिहासिक मजकुरात 'फायनल असॉल्ट' आलं तर मी न चुकता सुलतानढवा लिहितो, 'अंतिम हल्ला' फारच कोरडं होतं.

असॉल्ट रायफलला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, असॉल्ट रायफलच लिहा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'श्टुर्मगेवेअर ४४' या बंदुकीच्या नावात 'श्टुर्म' म्हणजे तटावर तुटून पडणं, त्यातून हे नाव रुळलं. एके ४७ सुद्धा याच जातीची, एकेक गोळी किंवा सलग गोळ्या असं दोन्ही प्रकारे चालणारी. अमेरिकेच्या बातम्यांतलं 'असॉल्ट वेपन' मात्र वेगळं, तो तिथल्या कायद्यातला शब्द आहे, १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं त्यांच्यावर बंदी होती, आणि त्या बंदुका बहुतेक एका दाबात एकच गोळी सोडणाऱ्या असतात. दोन्हींना एकच समजून बातमी केली की चूक होते.

'असॉल्ट कोर्स' म्हणजे हल्ल्याचा अभ्यासक्रम नव्हे हं, जवानांचं अडथळे पार करायचं मैदान.

नववी पायरी: लाक्षणिक वापर

'असॉल्ट ऑन डेमोक्रसी', 'असॉल्ट ऑन द सेन्सेस' असं येतं. पहिल्याला 'लोकशाहीवर घाला' चांगलं बसतं, घाला या शब्दात तो आघात आहे. दुसऱ्याला सरळ भाषांतर करूच नका, 'कान किटले', 'डोकं उठलं', 'वासाने नाक फाटलं' असं जे असेल ते लिहा.

आता सगळं एकदा करून बघू

समजा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला, एक सभासद खुर्ची उचलून सेक्रेटरीच्या अंगावर धावला, 'डोकं फोडतो' म्हणाला, दोघांनी धरलं, पण झटापटीत सेक्रेटरीच्या हाताला खरचटलं. तुम्हाला हे इंग्लिशमध्ये लिहायचंय. फक्त 'असॉल्टेड' लिहून थांबू नका, घडलं त्या क्रमाने लिहा: खुर्ची उचलली, काय शब्द बोलला ते अवतरणात मराठीतच देऊन खाली अर्थ, किती अंतरावर आला, कुणी अडवलं, खरचटलं ते कशामुळे, खुर्चीने की धरताना. खुर्चीचा धाक हा हमला, शब्दांनी त्याला अर्थ दिला, आणि खरचटण्याची दुखापत त्याने हेतूने केली की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, तुमचं काम फक्त ती कशी झाली ते लिहिणं. तारीख, वेळ, हजर असलेले कोण ते लिहा, कारण व्याख्येत 'हजर' हा शब्द आहे. मग शेवटच्या ओळीत 'ही असॉल्टेड द सेक्रेटरी' असं लिहा, 'ऑन' न लावता.